भरला तांब्या

वंगणाचा वास आला की आमची ती जुनी व्हॅन आठवते, आत झोपायला फळ्या ठोकलेली. धाकटी जाऊ पहिलटकरीण. तिला अमरावतीहून अकोल्याला माहेरी न्यायचं म्हणून दीर दोन दिवस गाडीखाली पडून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीचे जादा पाटे काढत होते, गचके कमी बसावेत म्हणून. आदल्या वर्षी याच गाडीतून मी पोट धरून बाळंतपणाला गेले, तेव्हा माझ्या नवऱ्याला गाडीखाली वाकून बघायचंही सुचलं नव्हतं. "वयनी, हा भरला तांब्या मांडीवर घेऊन बसा, सांडते का पायतो," दीर म्हणाले. चाचणीला गाडी खड्ड्यांतून गेली, पण थेंबही सांडला नाही. मीच तांब्या कलता केला. "सांडलं," म्हटलं. ते पुन्हा गाडीखाली शिरले. खोटं बोलून मीच तिला नवऱ्याच्या मायेचा आणखी एक दिवस मिळवून दिला, ही जळजळ अजून जात नाही.