पहिल्या हॉर्नचे कागद

माझ्या मावशीचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या सुरांमागे गेलं, आणि तिला स्वतःला साधी शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही. आमच्या विभागाच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं नोटेशन, म्हणजे सूर लिहिलेले कागद, ती सांभाळते. नगरसभागृहाच्या तळघरात, बॉयलरला लागून तिची खोली आहे. कपाटांत सिंफन्या रचलेल्या, प्रत्येक वादकाचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. कुणी कागद हरवला तर ती ओरडत नाही, नुसती बघते. एका ट्रॉम्बोनवाल्याने त्या बघण्याच्या धाकाने स्वतःच्या लग्नाच्या दिवशी कागद परत आणून दिले होते.

हा ऑर्केस्ट्रा म्हणजे काही आभाळातून पडलेले कलावंत नव्हेत. सनईसारखा ओबो वाजवतो तो दातांचा डॉक्टर. चेलोवर पोस्टातल्या दोघी बहिणी. मोठ्या ढोलावर शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना तिथे तरी मनसोक्त बडवता येतं. तालीम गुरुवारी संध्याकाळी, त्यामुळे गुरुवारी सहानंतर आमच्या गावात कुणी दात दुखू देत नाही. नवा पूल झाला तेव्हा हे लोक वाजवायला होते, आणि कारखाना बंद झाला तेव्हाही होते. कारखान्यापाशी त्यांनी काय वाजवलं ते कुणाला आठवत नाही. पण भर थंडीत अठ्ठेचाळीस माणसं फाटकासमोर खुर्च्या मांडून बसली होती, हे सगळ्यांना आठवतं.

हॉर्न, म्हणजे ते गुंडाळलेलं पितळी वाद्य, वाजवणारे दोघं. पहिला हॉर्न म्हणजे माझे आजोबा, मावशीचे वडील. भूगोल शिकवायचे. अर्ध्या ऑर्केस्ट्राला नद्या आणि पर्वत त्यांनीच पाठ करून घेतले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पंचेचाळीस वर्षं त्यांची खुर्ची एकच. शेजारी दुसरा हॉर्न, तो बस चालवतो. दिवसभर एक हॉर्न वाजवून दमत नाही म्हणून संध्याकाळी दुसरा वाजवायला येतो. "मी जगात दोनच माणसांचं ऐकतो," तो म्हणतो, "आणि दोघंही कंडक्टर."

सत्तरी ओलांडली आणि आजोबांचे पुढचे दोन दात गेले. हॉर्न फुंकायचा ओठांनी, पण ओठांना मागून आधार दातांचाच. नवे दात ओबोवाल्याने बसवले, चांगले बसवले, तरी वरचा सूर येईना. मध्येच फाटायचा. पहिल्यांदा फाटला तेव्हा सभागृहातले लोक मोठमोठ्याने खोकले. कुणाची लाज झाकायची तर आमच्याकडे असंच खोकतात.

मावशीच्या धंद्यात एकच नियम आहे: छापलंय तसं. ठिपक्याचा फरक चालत नाही. तो नियम तिने त्या आठवड्यात मोडला. दोन्ही हॉर्नचे कागद तिने स्वतःच्या हाताने नव्याने लिहून काढले आणि आजोबांचे अवघड सूर काढून बसवाल्याला दिले. आधी फक्त वरचे, मग लांब दमाचे, मग जरा चढावर असलेले सगळेच.

"मास्तरांना कळलं तर?" बसवाल्याने विचारलं.

"नाही कळणार. ते कागदावर असतं तेच वाजवतात."

असं सहा वर्षं चाललं. प्रत्येक कार्यक्रमाआधी मावशी घरी टेबलाशी बसून हॉर्नचे दोन्ही संच पुन्हा लिहायची. अधूनमधून जेवताना आजोबा म्हणायचे, "हल्ली या सिंफन्यांत हॉर्नला फारसं काम उरलं नाही." मावशी म्हणायची, "हो ना, बाबा." बाकीचे आम्ही ताटात बघायचो. जुने संचालक, म्हणजे छडी हलवणारे कंडक्टर, तेही नाटकात सामील होते. सूर भलत्याच हॉर्नमधून आला की ते छताकडे बघत हात हलवायचे.

मग ते निवृत्त झाले आणि नव्या संचालिका आल्या. त्यांनी ऑर्केस्ट्राच्या साठाव्या वर्षासाठी नेमकी ती सिंफनी निवडली. तिच्या दुसऱ्या भागात सगळी वाद्यं थांबतात आणि पहिला हॉर्न एकटा बारा मात्रांच्या बारा ओळी वाजवतो. सभागृहाच्या उद्‌घाटनाला आजोबांनी त्या वाजवल्या, तेव्हापासून गावाला त्या तोंडपाठ आहेत. ओबोवाला दात कोरताना तीच धून गुणगुणतो, आणि तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला साथ देता येत नाही.

मावशीची झोप उडाली. साडेचारशे लोकांसमोर सूर फाटला असता तर पंचेचाळीस वर्षं पुसली जाऊन तेवढंच उरलं असतं. आणि आता पुरे असं बाबांना सांगावं, तर तिच्या मते खुर्ची गेली की बाबा गेले. तिने दोन दिवस विचार केला. मग तिला जे येतं तेच केलं. धून बसवाल्याच्या कागदावर लिहिली, आणि आजोबांच्या कागदावर त्या जागी बारा ओळींची विश्रांती, म्हणजे गप्प बसायच्या खुणा.

आता सांगा, ज्या माणसाची धून गाव शिट्टीवर वाजवतं, त्याच्या कागदावरून ती उडवली तर त्याला कळणार नाही असं कुणाला वाटेल? माझ्या मावशीला. कागदावर नाही ते जगात नाही, असा तिचा विश्वास आहे.

पहिल्या तालमीच्या गुरुवारी आजोबांना गाडीतून मीच नेलं, म्हणून मी तिथे होतो. मावशी दारात उभी होती, चेहऱ्याचा रंग उडालेला. आजोबांनी फोल्डर उघडला. दुसऱ्या भागाचं पान काढलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बाईंनी छडी उचलली, तसा त्यांनी वर्गात करायचे तसा हात वर केला.

"एक मिनिट, बाई." मग बसवाल्याकडे वळून, "ऊठ."

बसवाला उठला. विद्यार्थीच तो त्यांचा.

"इकडे बस, माझ्या जागेवर. ती धून पहिल्या हॉर्नची आहे. पहिल्याच्या खुर्चीवर बसूनच वाजवायचं."

बसवाल्याने दाराकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? ती कागद देते. खुर्ची मी देतोय."

दोघांनी जागा बदलल्या. मुख्याध्यापकांनी ढोलावर हात ठेवला, चुकून वाजू नये म्हणून. आजोबांनी दाराकडे पाहून नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आणि मला दुसऱ्या हॉर्नचे छापील कागद आणून दे. खालचे सूर मला अजून येतात."

कार्यक्रम पंधरा दिवसांनी झाला. बसवाल्याने ती धून सुरेख वाजवली, आजोबांनी खालचे सूर धरले, हे सांगून टाकतो. पण माझ्या मनात राहिला तो त्या गुरुवारचा परतीचा रस्ता. मी गाडी चालवत होतो, आजोबा शेजारी, मावशी मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "बाबा, कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यात. पंचेचाळीस वर्षं वाजवलेलं मी कागदावरून वाजवतो, असं वाटलं होय तुला?"

तिला तसंच वाटलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. तो सूर फाटला ना, त्याच रात्री ठरवलं होतं, सोडायचं. राजीनामा लिहून खिशात घेऊन तालमीला गेलो. बघतो तर तू अख्खा संच हाताने लिहून ठेवलेला. म्हटलं, पोरीची एवढी इच्छा आहे मी बसावं अशी, तर बसू."

"माझी इच्छा?" मावशी म्हणाली. "मला वाटलं तुमची."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली आणि लगेच कडेला लावली, कारण मावशी रडत होती. मी तिला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मलाही रस्ता नीट दिसेना.

"ओठ दुखायचा का हो?" तिने विचारलं.

"दर शुक्रवारी सुजायचा." आजोबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "सांगायला मी यायचो गं तुझ्याकडे. दारापर्यंत यायचो. पण तू मान खाली घालून माझेच सूर लिहीत असायचीस. मग तसाच परत जायचो."