बुडाशी लिहिलेले नाव

चार काचेच्या बरण्या समोर ठेवून कुणी विचारले, यातला माणूस कोणता, तर सांगाल तुम्ही?

गेल्या महिन्यात मनमाडहून परतलो, तर स्टेशनावर टांगेवालाच म्हणाला, "तुमचे हाडांचे डॉक्टर गेले हो!" भाऊसाहेबांची गावाला ओळख एवढीच. गर्भात जीव कसा घडतो, निरनिराळ्या प्राण्यांची शरीरे कुठे जुळतात, हे आपल्याकडे ज्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि विद्यार्थ्यांना दाखवले, त्यांतले ते एक. निवृत्त होऊन पंचवटीत भावाच्या माडीवर राहिले... बरण्यांसकट.

देवळाच्या दारात कुणी यावे, यावरून गाव पेटले होते तेव्हा मी पत्रकावर त्यांची सही मागायला गेलो. वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"उद्गारचिन्हं काय घाऊक भावात आणलीस?"

"अन्याय दिसतो तिथं ओरडायचंही नाही?"

"ओरड की. पण आधी दाखव."

त्यांनी फळीवरून बरण्या उतरवल्या. औषधी पाण्यात चार इवले गर्भ. वाकलेली पाठ, शेपटीचे टोक, जड डोके. कोंबडी, बकरी, वटवाघूळ आणि माणूस. नावे बुडाशी लिहिलेली. "यातला माणूस कोणता?" मी ठामपणे एकीवर बोट ठेवले. उचलून पाहिले तर बकरी! भाऊसाहेब पोट धरून हसले. "माणूस ओळखता येईना, आणि गाव जात ओळखायला बसलंय!" मग सही केली, उद्गारचिन्हे मात्र एक सोडून सगळी खोडली.

अस्थी रामकुंडात सोडल्या. आता त्यांचे धाकटे भाऊ तात्या बरण्याही तिथेच सोडू म्हणतात. "त्याचा जीव अडकेल रे यांच्यात," म्हणताना त्यांचे डोळे भरतात. मी सांभाळतो म्हटले, तर म्हणाले, "तुझ्या खोलीत तुलाच पाय पसरता येत नाहीत!" खरेच आहे ते. अमावास्येपर्यंत थांबायचे मात्र त्यांनी कबूल केले आहे.

म्हणून मागतो. तुमच्या शाळेत, वाचनालयात एक फळी रिकामी असेल तर ती द्या. नसेल तरी माडीवर या. त्यांची खुर्ची खिडकीशी तशीच आहे, फळीही तशीच. एक बरणी हातात घ्या... आणि बूड पाहण्याआधी एकदा ओळखून बघा.