दारापुढची बाज

माघात आमच्या मोहगावच्या घरामागे संत्र्याला बहर येतो आणि त्याचा गोड, किंचित कडवट दरवळ दारापुढच्या गल्लीपर्यंत येऊन थबकतो. यंदा तो रिकाम्या जागेवर येऊन थबकला. तिथली बाज मी उचलली होती. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे माझा हेतू चांगला होता असं म्हणण्याचा मोह मला होईल, आणि तो चांगला होताही. पण हेतू चांगला असला की माणूस विचारायचं विसरतो, नाही का?

त्या बाजेवर माझी माय आणि सोनामावशी बसायच्या. मावशी गल्लीच्या त्या टोकाला, बुद्धविहाराजवळ राहते; तरुणपणी दोघींनी एकाच ओळीत कापूस वेचलेला. दुपारचं जेवण झालं की मावशी काठी टेकत यायची आणि ऊन उतरेपर्यंत दोघी शेजारी शेजारी बसून राहायच्या. बोलणं फारसं नसे. मायची बोटं मात्र गोधडीवरचे सुटे धागे एकेक करून उचलत राहत; कापूस केव्हाच सुटला होता, वेचणं सुटलं नव्हतं. पुढे मायचे पाय सुजू लागले. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी बसणं कमी करा, चालणं वाढवा, असं बजावलं आणि मी घाबरलो. बाबा असेच बसल्या बसल्या मिटत गेलेले मी पाहिले होते. सौंसरच्या कचेरीत दिवसभर खुर्ची न सोडणारा मी, संध्याकाळी घरी येऊन दोन म्हाताऱ्यांना चालण्याचं महत्त्व सांगू लागलो! त्यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही. एकदा तर जाता जाता टोमणा मारला, “दोघी बसून बसून बाजेले मुळं फुटतीन.”

मावशी हसली. “फुटू दे बाबू, संत्री लागतीन.”

पुढच्याच रविवारी मी बाज उचलून मागच्या कोठ्यात उभी केली. बसायला जागा नसली की पाय आपोआप चालतील, एवढाच माझा हिशेब. आणि माय चाललीही! दारापासून बागेपर्यंत, बागेपासून दारापर्यंत, मुकाट्यानं, शिक्षा भोगावी तशी. मी मनातून सुखावलो. पण तिच्या ताटात अर्धी भाकर उरू लागली, आणि मावशीची काठी गल्लीत वाजेनाशी झाली. मावशी का येत नाही, असं मी एका संध्याकाळी मायला विचारलं.

ती म्हणाली, “तू तिची बसाची जागा उचलली. ते कायले येईन आता?”

घरात खुर्च्या आहेत की, असं मी म्हणालो. मग मायनं मला जे सांगितलं ते मी या घरात जन्मून, वाढून कधी ऐकलं नव्हतं. आजी होती तोवर मावशीला आमच्या अंगणाच्या कडेशी उभं राहूनच बोलावं लागे. दिवसभर वावरात खांद्याला खांदा लावून वेचणाऱ्या दोघी संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन वेगळ्या होत. मी तान्हा असताना वेचणीच्या दिवसांत मावशी मायला बाभळीच्या सावलीत बळेच बसवायची, पोराला पाज म्हणायची, आणि मुकादम पाठ फिरवताच स्वतःच्या ओटीतला कापूस मूठमूठ मायच्या ओटीत टाकायची. आजी गेली तेव्हा मायनं स्वतः ही बाज ओढत दारापुढे आणली आणि साऱ्या गल्लीदेखत मावशीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. त्या दिवसापासून ती जागा मावशीची. आणि आता माझा टोमणा आठवून, दारापुढची मोकळी जागा पाहून, मावशीला वाटलं होतं की नातू आजीवर गेला.

संत्र्याला बहर यावा म्हणून आम्ही त्याचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पानं मलूल होतात. परक्याला वाटावं, झाड चाललं. आम्ही मात्र निश्चिंत असतो, कारण त्या निश्चल दिवसांतच कुठेतरी फुलांची जुळवाजुळव चालली आहे हे आम्हाला ठाऊक असतं. झाडाच्या स्वस्थपणावर इतका विश्वास ठेवणारा मी, जन्मदात्रीच्या स्वस्थपणाला आळस समजलो! तिच्या बसण्यात सवय होतीच. पाठीला ती दोरी आणि डोळ्यांना तो रस्ता सरावलेला होता. पण त्या सवयीच्या तळाशी एक निर्धार होता, रोज दुपारी न बोलता पाळलेला. आणि मायचं आयुष्यातलं पहिलं निवांत बसणं तर मावशीनंच तिला दिलं होतं, माझ्यासाठी. ज्या पायांवर उभा राहून मी उपदेश करत होतो, त्या पायांत बाभळीखालचं तेच दूध होतं. हे ऋण कळायला मला अर्धं आयुष्य लागलं, तरी कळलं तेव्हा दोघी हयात होत्या. एवढ्या भाग्याबद्दल कुणाचे आभार मानू?

मी बाज दारापुढे आणली, सैल दोरी ओढून घट्ट केली आणि मावशीकडे निघालो. मागे चपलांचा आवाज आला. माय होती. चल म्हणून तिला कुणी म्हटलं नव्हतं. भिंतीला हात टेकत, मध्येच थांबून दम घेत, ती गल्लीच्या टोकापर्यंत आली. वर्षभरात इतकं लांब ती चालली नव्हती.

मावशी उंबऱ्यावर बसली होती. तिनं आधी मायच्या पायांकडे पाहिलं, मग सरकून तिला शेजारी जागा करून दिली. मी समोर जमिनीवर बसलो. संत्र्याचा दरवळ तिथपर्यंत येत होता. मला वाटायचं, तो आमच्याच दारी थांबतो. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात. जेवढं आलं तेवढं बोललो.

“मावशी, बाज म्याच उचलली. मायच्या पायासाठी उचलली, पण तिले इचारलं नाही, तुले इचारलं नाही. तुह्या मनात जे आलं, ते माह्यामुळंच आलं. चुकलो मी. माफ कर. ते जागा तुही आहे.”