कडी लावलेला देव्हारा

ती घटना मी विसरलेले नाही. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. पनवेल ठाण्यात बायकांची झडती-जबानी घ्यायला मी एकटीच शिपाई होते.

कौलं भरलेला एक मचवा खाडीच्या तोंडाशी बुडाला. वरचे तिघे पोहून वाचले. मालक त्या फेरीला गेला नव्हता. त्याने फिर्याद दिली की मचवा हाकणाऱ्या तांडेलाने दारू पिऊन तो खडकावर घातला. तांडेल कोठडीत गेला. त्याची बायको रोज भाकरी घेऊन येई आणि ओट्यावर बसून राही.

मचवा सापडत नव्हता. मग एका कोळ्याने खबर दिली, जाळं कशाला तरी अडकतंय. मुंबईहून पाणबुड्या आणला. पौषातली सकाळ होती. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तो उतरला, वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते.

"काही दिसत नाही साहेब, नुसता चिखल. हातानेच चाचपलं. खडकाचा ओरखडा नाही. तळाला गोल भोक आहे, सुताराच्या सामत्याने पाडल्यासारखं."

मालक लगेच म्हणाला, "मग त्यानंच पारलं. मी थोबारीत मारली व्हती, त्याचा राग."

फौजदारांना ते पटलं. पाणबुड्याच्या सांगण्यावरून लिहिलेला पंचनामा वाचून दाखवताना शेवटी आलं : पुढच्या टोकाला लहान देव्हारा, दाराला बाहेरून कडी लावलेली, आत काही नाही.

मला बोलायचा धीर होत नव्हता. तरी म्हटलं, "साहेब, मचव्याचा देव मालकच हलवतो. पाण्याने वाहून गेला असता तर कडी लागलेली राहिली नसती."

मालकाच्या घरी झडतीला गेलो. देवघरात देवाचा चांदीचा टाक होता. मी त्याच्या आईला विचारलं, "आजी, हा मचव्यावरचा ना?"

"हां गो. सोमवारी पोरानं आनला. म्हनला, काला परलाय, घासून ठेव."

मचवा बुधवारी बुडाला होता. मालक खाली बसला. भोक त्याने पाडून मेणाने बुजवलं होतं, वाटेत सुटावं म्हणून. विम्यासाठी.

म्हातारी मला विचारत राहिली, "काय चुकला गो माजा?"

तांडेलाला सोडताना फौजदारांनी सगळं सांगितलं. तो बायकोकडे बघून म्हणाला, "देवाला उतरवला, आमाला नाय सांगितला."

मालक देव बुडवायला भ्याला होता. नोकरीत पुढे बरेच गुन्हेगार पाहिले. भीती नसलेला एकही भेटला नाही. म्हणून कुठल्याही प्रकरणात मी आधी हेच बघू लागले, की हा कशाला भितो, आणि कशाला भीत नाही.