म्हैस आटली म्हणून जाऊबाईंचं रोप

गाभण म्हैस आटते, एवढं आमच्या कडाव गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मला नाही कळलं. म्हशीचं दूध कमी झालं आणि मी ठरवून टाकलं, थोरल्या जाऊबाईनं करणी केली. तेव्हा तीस वर्षांची घोडी मी, दोन पोरांची आई, आणि अक्कल गोठ्यात दाव्याला बांधलेली!

एकदा ठरल्यावर पुरावे काय, पावलोपावली सापडायला लागले. ती खोकली की मला हसली. मला बघून दार लावलं की मनात पाप. उघडं ठेवलं की पाळत. तिचं तोंड बघितलं तरी माझ्या अंगाची आग व्हायची, आणि खरं सांगते, ती आग मला गोड लागायची.

तिचं भाताचं रोप लावणीला आलं होतं. एका दुपारी मी तिच्याच पडवीत बसून तांब्याभर पाणी प्याले आणि परत येताना रोपाभोवतीच्या कुंपणाचे काटे ओढून बाजूला केले. मग घरी येऊन म्हशीचं दावं सोडलं. ढकललं नाही हं तिला! ती आपल्या पायांनी गेली, आपल्या दातांनी तिनं रोप खाल्लं, तुडवलं. त्यात माझा काय संबंध? आणि सुरुवात कोणी केली होती? मी तर नुसती फेड केली. शिवाय इतकं हलकं कुंपण घालतं का कोणी?

हल्ली टीव्हीवर एखादा आरोपी 'त्यानंच मला करायला लावलं' म्हणाला, की नातवंडं त्याला शिव्या घालतात. मी शेंगा सोलत बसते.

रोप खाल्ल्यावर दोन दिवसांनी गुरांचा डॉक्टर आला. म्हैस तपासून हसायलाच लागला. "वहिनी, सातवा महिना लागलाय हिला. आटणार नाय तर काय करंल?" रानात चरताना ती कधी रेड्याला भेटली, मला पत्ताच नव्हता.

तिकडे जाऊबाई दारोदार लोकांच्या लावणीतून उरलेल्या रोपाच्या मुठी मागत फिरत होती. त्या साली तिचं अर्धं शेत लावणीवाचून राहिलं.

मी तिच्या बांधावर गेले ती माफी मागायलाच, देवाशप्पथ. पण तोंडातून निघालं, "जाऊबाई, जरा दणकट कुंपण घालायचं ना."

ती चिखलात वाकून रोप लावत होती. सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तुला काटं वढताना बघितलं मी पडवीतनं. वाटलं, कुंपण नीट करतेस. माजीच चूक, नाय? मग तुज्या डोक्यानं चालायचं तर उद्या मी तुजा गोठा पेटवला, तरी चूक तुजीच हाय की गं."