रत्नम्माचा मुकादम

कुत्र्याचं नाव मुकादम ठेवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल. रत्नम्मा.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आता सगळं जवळ येणार, असं पुढारी सांगून गेले होते. पाऊस तेवढा आला नाही. चाकूरच्या अलीकडच्या त्या गावात सलग दुसऱ्या साली ज्वारी करपली. टँकरच्या रांगेत उभी राहून रत्नम्मा म्हणायची, "जिल्हा हिकडं आला आन् पाणी उस्मानाबादलाच राह्यलं." रांग हसायची. हसायला पाणी लागत नाही.

ती मूळची उदगीरकडची. साठी ओलांडलेली. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. नवरा गुरुपादप्पा तरणाताठा गेला, तेव्हा दीर म्हणाला, आमच्यात येऊन राहा, दोन घास खा. ती म्हणाली, "माझा तवा मी तापवते." तेव्हापासून गावाच्या कडेला एका खोलीत एकटीच. कुणी कसं वागावं हे तिला सांगायला गेलं, की ती आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. मग उलटं करायची.

दुष्काळात गावाला रोजगार हमीचं काम मिळालं. रस्त्यासाठी खडी फोडायची. बाया उन्हात हातोडा चालवायच्या. मुकादम व्यंकट बाभळीखाली बसून हजेरी घ्यायचा. एक दिवस कुठून तरी तांबडं कुत्रं आलं आणि व्यंकटच्या शेजारी बसून कामाकडे बघू लागलं.

"आता दोन मुकादम झाले," रत्नम्मा म्हणाली. "ह्यातला चार पायाचा बरा. शिव्या देत न्हाई."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. व्यंकट हसला नाही. नाव मात्र चिकटलं. कुत्रं संध्याकाळी रत्नम्माच्या मागं घरी गेलं आणि तिथलंच झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते एका सकाळी लंगडत आलं. मागचा पाय उचलूनच धरत होतं. रत्नम्मानं पंजा वरवर बघितला. काटा दिसला नाही. घोट्याजवळ सूज होती.

"बरं व्हईल आपोआप," ती म्हणाली.

शेजारी खडी फोडणारी धुरपताबाई म्हणाली, "रत्नाक्का, चाकूरला ढोराचा दवाखाना हाय. दाखव की."

"कुत्र्याला कोन दवाखान्यात नेतं गं? माणसाला कोन नेईना."

दुसऱ्या दिवशी पाय टेकेचना. सूज हाताला गरम लागली. कुत्र्यानं भाकरीकडे बघून तोंड फिरवलं. नेण्याची वेळ ती होती. पण रत्नम्माच्या माहेरी बैल लंगडला की बिब्बा लावायचे. सुईवर बिब्बा धरून दिव्यावर तापवायचा आणि गळणारं तेल सुजेवर ओढायचं. तिनं तेच केलं. माहेरी बैल बरे झाले होते.

बैल आणि कुत्रं यांच्यात एक फरक आहे. कुत्रं दुखरी जागा दिवसभर चाटत बसतं.

बिब्बा अंगावर उततो, भाजल्यासारखे फोड आणतो; तसा तोंडातही उततो. सकाळी मुकादमाचे ओठ सुजले होते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ते पडल्या जागी गुरगुरत होतं. दारावरून पाण्याला निघालेल्या साखराबाईनं बघितलं आणि घागर तिथंच ठेवून ती पळत गेली.

थोड्या वेळात व्यंकट आला. मागं सात-आठ माणसं. हातात काठ्या.

"अव्वा, बाजूला सर. कुत्रं पिसाळलंय."

"न्हाई पिसाळलं. पायाला लागलंय त्येच्या."

"पायाला लागल्यावर तोंडातून लाळ गळती का?"

 व्यंकटनं काठीनं पाण्याचं भांडं कुत्र्यापुढं सरकवलं. मुकादमानं वास घेतला. एकदा जीभ लावली आणि केकाटून मागं सरला.

"बगा," व्यंकट म्हणाला. "पान्याला भेलं."

मागच्यांनी माना हलवल्या. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रत्नम्मालाही ठाऊक होतं.  हे खरंच पिसाळलं असेल तर? मग तिनं कुत्र्याकडे बघितलं. ते पाण्याकडेच बघत होतं. भ्यालेलं जनावर असं बघत नाही, तहानलेलं बघतं.

"चाकूरला नेते," ती म्हणाली. "डाक्टर म्हनला पिसाळलंय, तं तुमच्या काठ्या आन् तुमचं कुत्रं."

"आन् वाटंत कुनाला चावलं तं?"

"पैलं मलाच चावंल. जवळ मीच हाय."

"म्हातारपनी येड लागलं ह्या बाईला," कुणीतरी मागून म्हणालं.

"लागू दे. तुह्या घरी न्हाई येत दळाया."

तिनं जुनं पोतं कुत्र्यावर टाकलं, डोकं झाकलं, वरून दोरी आवळली. लाळ हाताला लागू नये म्हणून हात फडक्यात गुंडाळले. कुणी मदत केली नाही. कुणी अडवलंही नाही. धुरपताबाई तेवढी वेशीपर्यंत आली आणि म्हणाली, "आक्का, तूबी जपून."

फाट्यावर एसटी थांबली. कंडक्टरनं पोत्याकडे बघितलं.

"कुत्रं चालत नाही गाडीत."

"चालत असतं तं तुमच्या गाडीला हात कशाला केला असता?"

दोघं-तिघं प्रवासी हसले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली. रत्नम्मानं पोतं खांद्यावर घेतलं आणि डांबरी रस्त्यानं चालू लागली. वाटेत तिनं दोनदा ते खाली ठेवलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, संपलं. दोन्ही वेळा पोतं हललं.

दवाखान्यात चारा-छावणीतली गुरं ओळीनं उभी होती. डॉक्टर नांदेडकडचा तरुण होता. गुरांत कुत्रं बघून तो आधी वैतागला.

"आजी, कुणाला चावलंय का?"

"मुकादम हाय त्यो. चावत न्हाई, नुस्तं बघतो."

डॉक्टरनं जाड हातमोजे घातले. तोंड उघडून बराच वेळ बघितलं. मग पाय बघितला आणि थांबला.

"याला बिब्बा कुणी लावला?"

रत्नम्मानं पोत्याची दोरी गुंडाळायला घेतली. 

"मी."

"त्यानं तो चाटला. तोंड भाजलंय आतून. म्हणून लाळ, म्हणून पाणी सोसत नाही."

त्यानं बोटांच्या बेचक्यात चिमटा घातला. पू आला, आणि पुवाबरोबर खडीची एक टोकदार कपची. हातोड्याखालून उडालेली.

"लंगडलं की बेचकं फाकवून बघायचं," तो म्हणाला. "काही नसेल तर एखादा दिवस निवांत पडू द्यायचं. पण पाय टेकेना, सूज गरम लागली, खाणं सुटलं, की त्याच दिवशी आणायचं. आपलं औषध करत बसायचं नाही."

"कुत्र्याला आनत्यात व्हय?"

"आजवर कुणी आणलं नाही. आणू नये असं कुठं आहे?"

त्यानं सुई टोचली, जखम धुतली, तोंडात लावायला मलम दिलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "मला वाटतं बिब्बाच आहे. पण लाळ गळतेय, म्हणून आठ-दहा दिवस बांधून ठेवा. लांबून खायला घाला. मलम काडीला कापूस गुंडाळून लावा. पिसाळलेलं असलं तर तेवढे दिवस काढणार नाही. मारू मात्र देऊ नका."

शेवटचं वाक्य त्यानं सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरला ते पिसाळलेलं वाटत नाही, हे तिनं गावात सांगितलं; कुणी मानलं नाही. त्या दिवसांत रत्नम्मा कामावर गेली नाही. कुत्रं खोलीत खांबाला बांधलं आणि ती दारात बसली, मांडीवर मुसळ घेऊन. व्यंकटनं निरोप धाडला, कुत्रं संपव आणि कामावर ये. तिनं उलटा निरोप धाडला, त्याला म्हणावं ये, मी मोकळीच हाय. दीर आला. म्हणाला, अख्ख्या गावाशी वाकडं घेतेस, एका कुत्र्यापायी. ती म्हणाली, "गावानं घेतलंय. मी दारातच बसले." रात्री तिला झोप लागायची नाही. बिब्बा आपण लावला, हे ती कुणाला बोलली नाही. धुरपताबाईला तेवढं म्हणाली, "माझ्या हातानं जाळलं गं त्येला. आता दुसऱ्याच्या हातानं मरू देऊ का?"

कुत्रं आधी पातळ आंबील प्यायलं. मग पाणी. मग भिजवलेली भाकरी.

डॉक्टरनं सांगितलेले दिवस उलटले, त्याच्या दुसऱ्या सकाळी रत्नम्मा हातोडा घेऊन निघाली. मुकादम मागं निघाला, अजून एक पाय जपत. गावातून जाताना दारं लागली. कामावर बाया उठून उभ्या राहिल्या. एक-दोघींनी पोरं मागं ओढली. व्यंकटनं दगड उचलला.

रत्नम्मा आपल्या ढिगाजवळ जाऊन बसली. कुत्रं तिच्या पाठीला लागून बसलं.

"मार की," ती म्हणाली. "दगडाची काय कमी हाय हितं? पर नीट नेम धर. मदी मी हाय."

 व्यंकटचा हात वर होता, तो वरच राहिला.

"आन् मारनार नसशील तं हजेरी लाव माझी. ऊन चढतंय."

तिनं मोठा दगड पुढ्यात ओढला आणि पहिला घाव घातला. कपच्या उडाल्या. तिनं मागं न बघता पदराचं टोक कुत्र्यावर टाकलं आणि दुसरा घाव घातला. थोड्या वेळानं धुरपताबाईचा हातोडा वाजू लागला. मग आणखी एकीचा.