शेजाऱ्याचा तोफगोळा

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात, आमचा म्हातारा शेजारी आधी हसतो आणि मग बोलतो. देशाच्या दूर उत्तर टोकाला डार्विन शहरावर महायुद्धात बॉम्ब पडले होते. तिथल्या मातीतून त्याने तरुणपणी सैनिकाचा लोखंडी टोप, पट्ट्याचं बक्कल, पाण्याची बाटली आणि एक तोफगोळा खणून आणलेला. लॉकडाउनमध्ये तो रोज व्हरांड्यात बसून गोळा मांडीवर घेऊन ब्रशने घासायचा. आमचं स्वयंपाकघर कुंपणाला लागूनच.

"विचार त्याला, फुटणार नाही ना?" मी मुलाला म्हणायची.

मुलाने विचारलं की शेजारी हसायचा. "नो वरीज, लव्ह. आत काही नाही."

माझा विश्वास बसत नव्हता, पण घर सोडून जाणार कुठे?

खंडेनवमीला मी अंगणात विळी, कात्री आणि मुलाचं ड्रिल मशीन मांडून निरांजन लावलं. हत्यारांची पूजा आहे, असं मुलाने सांगताच म्हातारा लगबगीने घरात गेला. मास्क लावून त्याने टोप, बक्कल, बाटली कुंपणावरून दिली. मी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं.

"आणि गोळा?" मी विचारलं.

या वेळी तो हसला नाही. निरांजनाकडे बघत म्हणाला, "तो दिव्याजवळ नको."

मी मुलाला म्हटलं, "पोलिसांना फोन लाव."